घरच्या घरीं रोल धुतांना

आज ज्या विषयावर आपणांशीं चार शब्द बोलावयाचें मीं योजिलें आहे, तो ऐकून आपल्यापैकीं कित्येकांस थोडें नवल वाटेल. खिशांतल्या फोननें क्षणांत चित्र टिपावें आणि दुसऱ्याच क्षणीं तें पाहावें, असे हे दिवस आहेत. अशा दिवसांत ३६ चित्रांचा एक कृष्णधवल रोल कॅमेऱ्यांत भरावयाचा, तो महिनाभर जपून वापरावयाचा, आणि मग न्हाणीघराचें दार लावून स्वतःच्या हातांनीं धुवावयाचा, हा खटाटोप करावा कोणीं? परंतु करणारे आहेत, आणि त्यांत तरुण मंडळीही आहेत. बहुधा असें होतें कीं, माळ्यावर आजोबांचा जुना कॅमेरा सांपडतो, तो अजून चालतो असें दिसतें, आणि एक नवें वेड घरांत शिरतें. फिल्मवरचें अदृश्य चित्र रसायनांनीं दृश्य करून तें कायम करावयाचें, या साऱ्या क्रियेला आपल्याकडे 'रोल धुणें' असा सुटसुटीत शब्द आहे. मीही तोच वापरीन.

हें वेड तसें नवें नव्हे. १९१२ सालीं दादासाहेब फाळके विलायतेहून कॅमेरा घेऊन आले आणि 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाच्या उद्योगास लागले, तेव्हां कच्च्या फिल्मला भोकें पाडण्याचें आणि ती धुण्याचें काम त्यांच्या दादरच्या राहत्या घरींच चाले. आणि त्या कामांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा मोठा वांटा होता. १९१३ च्या मे महिन्यांत तो चित्रपट मुंबईकरांनीं पाहिला. दिवसभर घरच्या माणसांचा राबता असलेल्या घरांत रात्रीं फिल्म धुणें म्हणजे काय, याची कल्पना ज्यानें एक रोल धुतला आहे त्यालाच येईल.

मी मात्र आज यशाची कथा सांगावयास आलों नाहीं. मला बोलावयाचें आहे तें चुकांविषयीं. आणि त्यांतली पहिली चूक माझी स्वतःची आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीं मी कोंकणांतल्या आमच्या जुन्या घरीं गेलों होतों. घर पाडून नवें बांधावयाचें ठरलें होतें. माझी आजी त्या घरांत सून म्हणून आली ती साठ वर्षें तेथेंच राहिली. मीं ओटीचें, माजघराचें, विहिरीवरच्या रहाटाचें, आणि चुलीशीं बसलेल्या आजीचें, अशीं ३६ चित्रें काढलीं. घरीं परत आलों, त्याच रात्रीं रोल टाकींत चढविला, आणि पहिल्या बाटलींतलें द्रव्य आंत ओतलें. दोन्ही बाटल्या तपकिरी कांचेच्या, एकाच मापाच्या. वरचीं कागदी नांवें पाण्यानें केव्हांच निघून गेलेलीं. मीं आधीं ओतला तो डेव्हलपर नव्हता, फिक्सर होता. अर्ध्या तासानें टाकी उघडली, तों फिल्म खिडकीच्या कांचेसारखी स्वच्छ! तीवर आजी नव्हती, घर नव्हतें, कांहींच नव्हतें.

असें कां झालें, हें समजण्यासाठीं फिल्म म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. फिल्मवर सरसाचा, म्हणजे जिलेटिनचा, एक पातळ थर असतो आणि त्यांत चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. ज्या कणांवर प्रकाश पडतो त्यांत इतका अल्प फेर होतो कीं तो डोळ्यांस दिसत नाहीं. डेव्हलपर हा असे स्पर्शिलेले कण हुडकून त्यांचें काळ्या धातुरूप चांदींत रूपांतर करतो. उरलेले, प्रकाश न लागलेले क्षार फिक्सर विरघळवून काढून टाकतो. त्यालाच आपण हायपो म्हणत आलों. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८१९ सालीं नोंदविला, आणि १८३९ मध्यें छायाचित्रण जन्मास येतांच तो कामीं आला. आतां डेव्हलपरच्या आधींच फिक्सर ओतला, तर तो प्रकाश लागलेले आणि न लागलेले असा भेद जाणत नाहीं; सारेच कण धुवून नेतो. मग घरच्या साधनांनीं तें चित्र परत आणण्याची आशा उरत नाहीं.

या प्रसंगानंतर मला एक गोष्ट उमगली, आणि आजच्या भाषणाचें सारही तेंच आहे. रोल धुतांना होणाऱ्या चुका दोन जातींच्या आहेत. कांहीं चुका मागाहून सुधारतां येतात, कांहीं कधींच येत नाहींत. या दोहोंमधली सीमारेषा अगदीं ठळक आहे. फिल्म डब्यांतून बाहेर काढल्यापासून डेव्हलपरचें काम संपेपर्यंत जें बिघडतें तें कायमचें बिघडतें. त्यानंतरच्या बहुतेक चुकांवर उपाय आहे. नवशिका मनुष्य नेमकें उलटें करतो. फिल्म वाळतांना तिच्यावर धुळीचा कण बसेल म्हणून तो जिवाचें रान करतो, आणि अंधारांत शिरतांना मात्र बेसावध असतो. आपली सारी काळजी सीमारेषेच्या अलीकडे खर्च करावी, हेंच माझें सांगणें.

तेव्हां पहिला नियम असा, कीं अंधारांत करावयाचें तें आधीं उजेडांत करून पाहावें. टाकीच्या आंत रीळ असतें, आणि त्याच्या सर्पिल खांचांत फिल्म सरकवावयाची असते. एखादा मुदत टळलेला स्वस्त रोल यासाठींच बळी द्यावा. तो प्रथम डोळे उघडे ठेवून, मग डोळे मिटून, दहा-बारा वेळां रिळावर चढवावा. बोटांना संवय झाल्याखेरीज खरा रोल हातीं घेऊं नये. रीळ पूर्ण कोरडें असावें. ओलसर रिळांत फिल्म मध्येंच अडकते. आपल्या दमट हवेंत हाताला घाम येतो आणि काळ्या पिशवींत हात घालून काम करतांना तो अधिकच येतो. म्हणून हें काम रात्रीं, पंख्याखालीं हात कोरडे करून मग करावें. फिल्म अडकलीच तर बळ करूं नये. ती दुमडली तर दुमडल्या जागीं चंद्रकोरीसारखा डाग उमटतो, आणि दोन वेढे एकमेकांस चिकटले तर तेवढ्या भागास डेव्हलपर पोंचतच नाहीं. अशा वेळीं फिल्म हलकेच मागें घ्यावी, तिचें टोंक कात्रीनें सरळ कापावें, आणि पुन्हां आरंभ करावा. तेंही न साधलें तर रीळ आणि फिल्म टाकींत घालून झांकण लावावें आणि बाहेर येऊन पाणी प्यावें. टाकींतला अंधार धीर सोडीत नाहीं. धीर सुटतो तो आपला.

खोलींत अंधार पुरेसा आहे कीं नाहीं, हें पाहण्याची रीत सोपी आहे. दिवे मालवून पांच मिनिटें स्वस्थ बसावें. तेवढ्या वेळानें दाराच्या फटींतून येणारी रेघ दिसूं लागते, नाहीं तर भिंतीवरच्या एखाद्या यंत्राचा लहानसा तांबडा दिवा डोळे वटारतो. तें सारें झांकावें. हातावरचें चमकतें घड्याळ आणि खिशांतला फोन खोलीबाहेर ठेवावा. कागदावर चित्रें छापतांना तांबडा दिवा चालतो, म्हणून तो येथेंही चालेल अशी कित्येकांची समजूत असते. ती चुकीची आहे. आजची बहुतेक कृष्णधवल फिल्म तांबड्या प्रकाशालाही बळी पडते. तिच्यासाठीं पूर्ण काळोखच हवा. टाकीच्या मधोमध एक नळी असते, ती रिळांत घातल्यावांचून झांकण लावूं नये. ती नळी विसरली तर झांकण घट्ट लागूनही वरच्या तोंडांतून प्रकाश थेट फिल्मपर्यंत पोंचतो, आणि तें कळतें तेव्हां फार उशीर झालेला असतो.

दुसरा नियम रसायनांचा. डेव्हलपर आणि फिक्सर यांच्या बाटल्या निराळ्या आकाराच्या असाव्या, निराळ्या रंगाच्याही असाव्या, म्हणजे नांव पुसलें तरी हात चुकणार नाहीं. मीं ही खबरदारी ३६ चित्रें देऊन विकत घेतली. आपणांस ती फुकट मिळत आहे. पुडीचा डेव्हलपर कालवितांना सबंध पुडी एकदमच कालवावी. तींत अनेक द्रव्यें असतात, आणि हलक्या-जड कणांप्रमाणें तीं पुडींत वरखालीं बसलेलीं असतात; अर्धी पुडी घेतली तर कोणतें द्रव्य किती आलें याचा भरंवसा राहत नाहीं. कालविलेला डेव्हलपर हवेनें खराब होतो. म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरून, बूच घट्ट लावून ठेवावी, आणि वर तारीख लिहावी. अर्ध्या रिकाम्या बाटलीचा भरंवसा महिन्या-दोन महिन्यांपलीकडे धरूं नये.

आणि हें सर्व करूनही, प्रत्येक वेळीं, अंधारांत जाण्यापूर्वीं एक परीक्षा घ्यावी. रोलच्या आरंभीं डब्याबाहेर राहणारी, उजेड लागलेली फिल्मची जी जीभ असते, तिचे दोन लहान तुकडे कापावे. एक भर उजेडांत डेव्हलपरमध्यें टाकावा. तो थोड्याच मिनिटांत गडद काळा झाला तर डेव्हलपर जिवंत आहे. नुसता करडा झाला तर तो डेव्हलपर मोरींत जाऊं द्यावा, आपला रोल नव्हे. दुसरा तुकडा फिक्सरमध्यें टाकावा आणि घड्याळ पाहावें. दुधाळ तुकडा पारदर्शक होण्यास जितका वेळ लागेल त्याच्या निदान दुप्पट वेळ रोल फिक्सरमध्यें ठेवावयाचा, हें त्याच तुकड्यानें ठरून जातें. पांच मिनिटांची ही परीक्षा मीं त्या रात्रीं घेतली असती, तर बाटल्यांची अदलाबदल मला तेव्हांच कळली असती.

तिसरा नियम उष्णतेचा, आणि आपल्या प्रांतांत याचें महत्त्व विशेष आहे. रोलच्या वेष्टनावर किंवा कारखान्यांनीं प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत जे वेळ दिलेले असतात ते बहुधा २० अंश सेंटिग्रेडचे असतात. इंग्लंडांत नळ उघडला कीं २० अंशांहून थंड पाणी येतें. मुंबईस मे महिन्यांत तें सहज ३० अंशांच्या घरांत असतें. उदाहरणार्थ, इल्फर्डची एचपी ५ प्लस ही फिल्म त्याच कारखान्याच्या आयडी ११ या डेव्हलपरमध्यें, पाणी न मिसळतां, २० अंशांस साडेसात मिनिटें धुवावयाची असते. तीच २४ अंशांस धुतली तर सवापांच मिनिटें पुरतात. आणखी उष्णता वाढली तर वेळ पांच मिनिटांच्या खालीं जातो, आणि इतक्या थोड्या अवधींत द्रव्य सर्वत्र सारखें काम करीत नाहीं; ओतण्यास लागणाऱ्या दहा-पंधरा सेकंदांचाही फरक आकाशाच्या सपाट भागावर डागांच्या रूपानें दिसतो.

यावर उपाय दोन. पहिला, डेव्हलपरमध्यें तितकेंच पाणी मिसळून वापरणें. मघांच्याच फिल्मचा वेळ मग २० अंशांस १३ मिनिटें आणि २४ अंशांस सुमारें ९ मिनिटें होतो, आणि हात संथपणें चालूं शकतो. असा पातळ केलेला डेव्हलपर एकदां वापरून टाकून द्यावा. दुसरा उपाय घंगाळाचा. घंगाळांत किंवा बालदींत पाणी घेऊन त्यांत बर्फाचे खडे सोडावे आणि सर्व बाटल्या गळ्यापर्यंत त्यांत उभ्या कराव्या. बर्फ बाटलींत मात्र घालूं नये. तो वितळून द्रव्य पातळ करील. उष्णतामापक नळी डेव्हलपरमध्येंच बुडवून पाहावी, घंगाळांतल्या पाण्यांत नव्हे. फिक्सर आणि धुण्याचें पाणीही याच घंगाळांत निववावें. गार द्रव्यांतून फिल्म एकदम ऊन पाण्यांत नेली तर तिच्यावरचा सरसाचा थर दुखावतो.

डेव्हलपर ओतल्यावर टाकी किती हालवावी, याविषयीं घरोघर मतभेद आढळतील. मी एवढेंच सांगेन कीं, एक रीत ठरवावी आणि ती मोडूं नये. पहिल्या दहा सेकंदांत चार वेळां टाकी उलटीसुलटी करावी, आणि पुढें प्रत्येक मिनिटाच्या आरंभीं पुन्हां तितकेंच करावें, ही रीत चांगली आहे. दर वेळीं टाकी ओट्यावर हलकेच आपटावी, म्हणजे फिल्मला चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटतात. ते राहिले तर निगेटिव्हवर टाचणीच्या डोक्याएवढे स्वच्छ ठिपके राहतात. द्रव्य रिळाच्या वरपर्यंत यावें. किती लागतें तें टाकीच्या बुडाशीं लिहिलेलें असतें. पैशांच्या काटकसरीची जागा ही नव्हे.

वेळ भरला कीं डेव्हलपर ओतून टाकावा, पाण्यानें किंवा सौम्य अ‍ॅसेटिक आम्लानें टाकी विसळावी, आणि फिक्सर ओतावा. परीक्षेनें ठरविलेला वेळ भरला म्हणजे आपण सीमारेषा ओलांडली. आतां श्वास सोडण्यास हरकत नाहीं. झांकण उघडून पाहिलें आणि फिल्म अजून दुधाळ दिसली, तर घाबरूं नये. ती पुन्हां फिक्सरमध्यें, ताज्या फिक्सरमध्यें, टाकावी. धुण्यांत कसूर झाली असें वाटलें तर दुसऱ्या दिवशींही पुन्हां धुतां येते. पाण्याची टंचाई असलेल्या घरांत नळ सोडून ठेवण्याचें कारण नाहीं. साधा, फिल्म कठीण न करणारा फिक्सर वापरला असेल, तर टाकी ताज्या पाण्यानें भरून प्रथम पांच वेळां, मग दुसऱ्या पाण्यांत दहा वेळां, आणि तिसऱ्या पाण्यांत वीस वेळां उलटावी, तेवढें पुरतें. अखेरचें पाणी शुद्ध केलेलें घ्यावें, म्हणजे वाळतांना क्षारांचे पांढरे डाग पडत नाहींत.

वाळवण्यासाठीं न्हाणीघरासारखी जागा नाहीं. फिल्म चिमट्यानें टांगावी, खालच्या टोंकास दुसरा चिमटा वजन म्हणून लावावा, पंखा बंद करावा, दार ओढून घ्यावें, आणि घरच्या मंडळींस त्या रात्रीपुरतें दुसरें न्हाणीघर शोधण्यास सांगावें. ओली फिल्म बोटांनीं निपटूं नये. या एका चुकेला मात्र सीमारेषेपलीकडेही क्षमा नाहीं, कारण ओल्या थरावरचा ओरखडा जात नाहीं. पावसाळ्यांत वाळण्यास वेळ लागेल, तो लागूं द्यावा. पुढें निगेटिव्ह पाकिटांत ठेवतांना डब्यांत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी. आपल्याकडची बुरशी सरसाच्या थरावर फार प्रेम करते.

इतकी काळजी घेऊनही कधीं तरी रोल बिघडेल. तेव्हां कपाळाला हात लावण्यापूर्वीं फिल्मच्या कडेकडे पाहावें. कारखान्यांतच छापलेले आंकडे आणि नांव तेथें असतात, आणि डेव्हलपरमुळेंच ते दिसूं लागतात. आंकडे ठळक असून चित्रें मुळींच नसतील, तर दोष धुण्याचा नव्हे. कॅमेऱ्यांत फिल्म पुढें सरकलीच नव्हती. आंकडे फिके असतील, तर डेव्हलपर अशक्त होता किंवा वेळ कमी पडला. आंकडेही नसतील आणि फिल्म निव्वळ स्वच्छ असेल, तर डेव्हलपर मेलेला होता, नाहीं तर माझ्यासारखा फिक्सर आधीं ओतला गेला. कडेसकट सारी फिल्म काळी असेल, तर कोठें तरी उजेड शिरला. हें निदान वहींत लिहून ठेवावें. तारीख, उष्णता आणि वेळ हींही लिहावीं. ज्याच्यापाशीं अशी वही आहे, तो तीच चूक सहसा दुसऱ्यांदा करीत नाहीं.

एक गोष्ट सांगावयाची विसरूं नये. हीं द्रव्यें स्वयंपाकाच्या भांड्यांत कालवूं नयेत, मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत, आणि हातमोजे घालावे. कित्येकांच्या कातडीस डेव्हलपरनें खाज सुटते.

आजीला मीं ती हकीकत सांगितली तेव्हां ती रागावली नाहीं. 'अरे, मग पुन्हां ये नि काढ,' एवढेंच म्हणाली. मी गेलों, पण तोंवर घर पडलें होतें. नव्या सिमेंटच्या भिंतीपुढें, उन्हांत डोळे बारीक करून ती खुर्चीवर बसली, आणि मीं एक अख्खा रोल तिचाच घेतला. तो धुण्यापूर्वीं मीं जिभेचा तुकडा कापून परीक्षा घेतली, बाटल्या दोनदां हुंगून पाहिल्या, आणि मगच दिवा मालवला. पुढच्या वर्षीं आजी गेली. त्या निगेटिव्ह आज माझ्या कपाटांत आहेत, आणि कडेचे आंकडेही चांगले ठळक आहेत. माजघराचें चित्र मात्र माझ्यापाशीं नाहीं, आणि तें आतां कोणालाच काढतां येणार नाहीं.

श्रोतेहो, आपल्या घरांतही असें एखादें माजघर असेल, एखादी आजी असेल. रोल अवश्य भरा. तो स्वतः अवश्य धुवा. पण पहिला रोल झाडांचा, रस्त्याचा, शेजारच्या मांजराचा असूं द्या. चुका करावयाच्या त्या त्याच्यावर करा.